गालाला गार

नाटकमंडळीत त्याला चिलखतराव म्हणत. हे नाव कुणी प्रेमाने ठेवलं की खवचटपणे, ते त्याने कधी विचारलं नाही. फोमच्या चादरी कापून, चिकटवून, रंगवून तो राजांची चिलखतं, मुकुट, ढाली, तलवारी उभ्या करायचा, आणि मागच्या रांगेत बसलेल्याला ते सगळं लोखंडच वाटायचं. जवळ गेलं की कळायचं, राजाने अंगावर पायपुसण्याचा सख्खा भाऊ घातलाय. पण राजाच्या इतक्या जवळ जातो कोण?

या धंद्याची सगळी अब्रू सांध्यात असते. दोन तुकडे जुळतात तिथे फट राहते, आणि फट दिसली की लोखंडाचा पुन्हा फोम होतो. म्हणून ती बुजवायची, वाळली की घासायची, मग रंग. बुजवायला जो लगदा वापरतात त्याला सुतार आणि रंगारी लांबी म्हणतात, तोही तेच म्हणायचा. त्याची लांबी डब्यातली. झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी आणि घशात खवखव. दोन खोल्यांचं घर आणि बंद केलेली गॅलरी, एवढ्यात तो वास कुठे जाणार? तो नाकाला फडकं बांधून गॅलरीत बसायचा, बायको खिडक्या उघडत बडबड करायची, आणि संध्याकाळपर्यंत दोघांनाही त्याची सवय झालेली असायची.

मग सासूबाई राहायला आल्या. त्यांनी जन्मभर एका बेकरीत पीठ मळलं होतं, आणि उडणारं पीठ छातीत बसलं ते कायमचं. एकट्या राहत होत्या, स्वतःच्या घरचे तीन जिने चढवेनात, म्हणून मुलीने हट्टाने आणलं. कपाटात एक कप्पा रिकामा करून दिला तरी त्यांनी आपली कापडी पिशवी दाराआडच ठेवली. "जावयाच्या घरी पाहुण्यासारखं यावं आणि पाहुण्यासारखं निघावं," त्या म्हणत. जावयासमोर त्यांचा आवाज कधी चढला नाही. चहा थंड झाला असला तरी गरमच आहे म्हणून प्यायच्या.

एके दुपारी चिलखतराव कचरा टाकायला बाहेर पडला तर सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. मांडीवर भाजीचं ताट, ताटात दोन-चार पानं, आणि मुठीत दम्याचा पंप.

"आई, इथे कशा?"

"आत उजेड कमी पडतो हो," त्या म्हणाल्या. एवढं बोलताना त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं.

आत लख्ख ऊन होतं. उजेडाचा प्रश्नच नव्हता, सकाळीच त्याने डबा उघडला होता. तो उघडला की या बाई गुपचूप जिन्यावर येऊन बसतात, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तो डबा उचलून खाली रद्दीवाल्याला देऊन टाकला, आणि बिनवासाची लांबी घरीच करायची असं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. मैदा आणि गोंद कालवला, त्याला चार दिवसांत हिरवी मिशी फुटली. नुसती अंगाला लावायची पावडर आणि गोंद कालवला, तो वाळल्यावर तडकून पापडासारखा उचकटला. लाकडाचा भुसा घातला, तो घासताना गठ्ठ्याने निघाला. सासूबाई रोज दारात उभ्या राहून पाहायच्या आणि काही न बोलता परत जायच्या. शेवटी एके दिवशी त्यांना राहवलं नाही.

"जावईबापू, बोलू का?"

"बोला ना."

"हे मळलंच नाहीये. नुसतं कालवलंय."

आणि त्यांनी बाह्या सारल्या. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिजत घालून त्याचा लगदा केला आणि जुन्या मलमलीच्या फडक्यातून घट्ट पिळून घेतला. खडू कुटून त्याची पूड त्याच प्रकारच्या दुसऱ्या फडक्यातून चाळली. धूळ उडू नये म्हणून तोंडाला ओढणी बांधायची आणि पूड ओलसरच कुटायची, ही त्यांची स्वतःची शक्कल. मग सुतारकामाचा पांढरा गोंद, बुरशी धरू नये म्हणून चमचाभर व्हिनेगर, हाताला चिकटू नये म्हणून तेलाचे थेंब. आणि मग मळणं. तळहाताने दाबत, दुमडत, परत दाबत, गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ होईपर्यंत. वास म्हणाल तर लोणच्याच्या रिकाम्या बरणीला येतो तेवढा, तोही वाळल्यावर जायचा. खर्च जवळजवळ नाहीच.

एकच पथ्य होतं. थर नाण्याएवढा पातळ द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मगच दुसरा. "वरून वाळलेलं दिसतं हो," सासूबाई म्हणाल्या, "पाव नाही का वरून लाल दिसतो आणि आत कच्चा असतो? गालाला लावून पाहायचं. गार लागलं तर आत ओल आहे. बोटांना कळत नाही. बोटं निबर होतात, गाल खोटं बोलत नाही."

ती लांबी चालली. नुसती चालली नाही, नाव काढलं तिने. चिलखतराव मंडळीत कौतुकाने सांगायचा, "घरची आहे, सासूबाईंची." कपडेपटातल्या बायकाही तुटलेले दागिने भरायला गोळाभर मागून नेऊ लागल्या. त्याची बायको तिथेच शिवणकाम करायची, ती आईला येऊन सांगायची, "आई, तुला सगळे लांबीवाल्या आजी म्हणतात." सासूबाई तोंड वाकडं करायच्या, पण दुसऱ्या दिवशी जास्त खडू कुटायच्या. जावयाच्या घरचं अन्न आता त्यांच्या घशाखाली सहज उतरत होतं. जिन्यावर बसणं बंद झालं होतं. पिशवी मात्र दाराआडच होती, नुसती जरा मागे सरकली होती.

नव्या नाटकात राजाचं मोठं चिलखत होतं. राजा शेवटच्या प्रवेशात गुडघा टेकून मेलेल्या मुलासमोर शपथ घेतो, आणि सगळं नाटक त्या शपथेवर उभं. चिलखतरावने ते जीव ओतून केलं. फक्त खांद्यापाशी कापताना हिशोब चुकला आणि दोन बोटं फट राहिली. खरं तर तिथे फोमची पट्टी कापून बसवायला हवी होती. पण पट्टी बसवायची तर अर्धं चिलखत उसवावं लागलं असतं, आणि रंगीत तालीम उंबऱ्यावर येऊन ठेपलेली. त्याने सासूबाईंचा गोळा उचलला आणि सगळाच्या सगळा त्या फटीत कोंबला. एकाच दमात, अंगठ्याने दाबून, पाठीमागून कापडाचं ठिगळ लावून. वरून हेअर ड्रायर फिरवला. वरची साय कडक झाली, ती घासली, रंग दिला. इतकं सुरेख दिसत होतं की त्याचं त्यालाच खरं वाटलं.

सासूबाई चहा घेऊन आल्या. "झालं?"

"झालं."

"गालाला लावून पाहिलंत?"

"हो, हो," तो म्हणाला.

त्यांनी मान डोलावली. जावयाने हो म्हटल्यावर परत विचारायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

तालमीत काही झालं नाही. पहिल्या प्रयोगाला झालं. तीन अंक दिव्यांखाली आणि घामाखाली ते चिलखत भाजत होतं, आणि शेवटच्या प्रवेशात राजाने गुडघा टेकला, हात उंचावला, तोंड उघडलं, आणि खांदा फाटला. आतून लांबीचा राखाडी, ओला गोळा बाहेर आला, क्षणभर छातीवर थांबला आणि पच् करून मेलेल्या मुलाच्या पोटावर पडला. मेलेला मुलगा दचकला. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह हसलं, आणि राजाने ती शपथ हसण्याच्या लाटांवरून कशीबशी किनाऱ्याला लावली.

पडदा पडल्यावर सगळे रंगपटात जमले. दिग्दर्शिकेला सगळे बाई म्हणत. बाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर कदाचित तो खरं बोलला असता. त्यांनी शांतपणे विचारलं, "काय झालं हे?"

राजा घामाने निथळत उभा होता. सगळे चिलखतरावकडे बघत होते. आणि त्याच्या तोंडून निघालं, "लांबी बिघडली. सासूबाईंचा हात चुकला असणार. वय झालंय आता."

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण दुसऱ्यांना किती सहज म्हणतो. त्याने तर अंगणाचा वाकडेपणा आपल्याच घरातल्या म्हातारीच्या माथी मारला. वाक्य तोंडातून गेल्यावर ते परत ओढून घ्यावंसं त्याला वाटलं, पण तोवर सगळ्यांचे चेहरे निवळले होते. "जाऊ दे रे," राजा म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाचं व्हायचंच." कुणीतरी म्हणालं, "आजींना काही बोलू नका हं घरी." बाई म्हणाल्या, "पुढच्या प्रयोगाला डब्यातली वापरा. मी पाठवते." त्यांच्या त्या चांगुलपणाने त्याचे कान तापले. त्याने पडलेला गोळा आणि फुटलेला तुकडा गुपचूप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि घरी आणून हत्यारांच्या मागे कोंबला.

घरी त्याने सांगितलं, "जरासं उचकटलं." पण बायको त्याच नाटकात काम करत होती, आणि कपडेपटात गोष्टी शिळ्या होईपर्यंत थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती आली ती सरळ आईपुढे बसली. तिला नवऱ्याच्या शब्दावर शंका घ्यायचं सुचलंही नाही. "आई, परवाच्या गोळ्यात काही कमीजास्त झालं का गं? आत ओलाच राहिला म्हणे."

सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "माझ्याकडून?" त्या म्हणाल्या. मग आठवल्यासारखं करत म्हणाल्या, "असेल. पिळताना हात दुखत होता त्या दिवशी."

चिलखतराव तिथेच होता. त्याने चपलेत पाय घातले आणि काहीतरी आणायला बाहेर गेला. काय आणायचं ते त्याला खालच्या वळणापर्यंत सुचलं नाही. शेवटी त्याने साबण आणला. घरात साबण होता.

त्यानंतर जे सुरू झालं ते त्याला सोसवेना. सासूबाईंनी जुन्या फरशीचे तुकडे गोळा केले आणि आपली चूक शोधायला बसल्या. एका तुकड्यावर जास्त पिळलेल्या लगद्याची लांबी, एकावर कमी, एकावर नवा खडू, एकावर जुना. खिडकीत ओळीने मांडून त्या एकेक तुकडा उचलून गालाला लावायच्या, परत ठेवायच्या, आणि त्याला विचारायच्या. "जावईबापू, गोंदाचा डबा नवीन होता का हो? पातळ येतो कधी कधी." "जावईबापू, व्हिनेगर मी दोनदा तर नाही घातलं? आठवत नाही. आता आठवत नाही मला काही." तो जेवणाच्या ताटातून मान वर काढत नव्हता. "बघू," म्हणायचा. "असेल." ती पिशवी दोन हातांवर, हत्यारांच्या मागे होती. फाटलेला तुकडा बाहेर काढून दाखवला असता तर एका नजरेत कळलं असतं, की थरांची रेघ कुठेच नाही. सगळं एकाच वेळी कोंबलंय. रोज तो ठरवायचा, आज सांगू. आणि रोज त्यांचं ते आदराचं 'जावईबापू' आडवं यायचं. इतका मान देणाऱ्या माणसाला आपली लायकी कशी दाखवायची?

पुढच्या प्रयोगाच्या आठवड्यात बाईंनी डबा पाठवला. त्याने तो गॅलरीत नेला, नाकाला फडकं बांधलं आणि पटाशीने झाकण उचकटलं. जुना वास घरात शिरला. बायको कामावर गेली होती. स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड थांबली, आणि थोड्या वेळाने बाहेरचं दार अगदी हळू ओढून घेतल्याचा आवाज आला.

तो बाहेरच्या खोलीत आला. दाराआडची पिशवी पुढे ओढलेली होती, आणि तोंडापर्यंत भरलेली. वर घडी करून ठेवलेलं मलमलीचं फडकं, चाळायचं. खिडकीत मांडलेले फरशीचे तुकडे उचललेले होते. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर मुलीसाठी दूध झाकून ठेवलं होतं.

जिन्यातून खोकला ऐकू आला. मोठा नाही, तोंडावर पदर दाबून केलेला.

त्याने डब्याचं झाकण ठोकून बसवलं. हत्यारांमागची पिशवी काढली आणि जिन्यावर जाऊन त्यांच्या एक पायरी खाली बसला. सासूबाईंनी घाईने पंप पदराखाली घेतला.

"उजेड..." त्यांनी सुरुवात केली.

"आई, हे बघा." त्याने प्लास्टिक सोडून फुटलेला तुकडा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उलटापालटा केला. नखाने कडेला टोकरलं. मग गालाला लावला आणि डोळे मिटले. इतक्या दिवसांनीही तो आतून ओला होता.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

"मी एकदम भरलं. सगळा गोळा. गालाला लावलं नव्हतं, तुम्हाला खोटं सांगितलं. आणि तिथे सगळ्यांना तुमचं नाव सांगितलं."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं, बंद केलं. सासूबाईंनी तुकडा परत प्लास्टिकात गुंडाळायला घेतला.

"मग आता कशाला उकरता?" त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्या नावाला तिथे काय भाव आहे? म्हातारीचा हात चुकला, लोक विसरले. तुमचं नाव गेलं तर घर चालायचं कसं? राहू द्या. माझ्या मुलीलाही सांगू नका. मी तशीही निघालेच आहे."

आणि त्याला हायसं वाटलं. क्षणभरच, पण छातीवरचा दगड सरकल्यासारखं स्पष्ट वाटलं. खोटं बोलताना वाटली नव्हती तेवढी लाज त्याला त्या हायसं वाटण्याची वाटली. या बाई धाप लागलेल्या अवस्थेत त्याची अब्रू वाचवत होत्या, आणि त्याचं मन ती घ्यायला हात पुढे करत होतं. जिन्याच्या कठड्याला धरून तो उठला.

"चहा ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"नको. येतो मी."

तो डबा काखेत मारून थेट मंडळीच्या जागेवर गेला. तालीम चालू होती. त्याने बाईंना बाजूला बोलवायचं ठरवलं होतं, पण बाजूला बोलावलं तर आपण पुन्हा काहीतरी गोड करून सांगू, हे त्याला माहीत होतं. स्वतःला तो आता ओळखत होता. त्याने रंगमंचाच्या कडेला डबा ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. फट मी चुकून ठेवली, पट्टी बसवायचा कंटाळा केला, वाळायची वाट पाहिली नाही, आणि नाव सासूबाईंचं घेतलं. त्यांची लांबी चांगली होती.

म्हातारीला सगळ्यांनी सहज माफ केलं होतं. त्याला कुणी केलं नाही. राजा म्हणाला, "मी त्या आजींवर दोन दिवस विनोद करत होतो रे. तू हसलास त्याला." हे खरं होतं, तो हसला होता. शिवणाच्या टेबलामागून त्याची बायको उठली, तिने हातातली कात्री खाली ठेवली आणि घरी जायला निघाली. बाई म्हणाल्या, "चिलखत प्रयोगाला हवंय. कशाने भरायचं ते तुमचं तुम्ही बघा." डबा तिथेच राहिला.

तो घरी पोचला तेव्हा मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या आणि बायकोचे डोळे लाल होते. त्याने त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "आई, मी सगळ्यांना सांगून आलो. डबा परत दिला. पट्टी बसवतो, पण वरचा सांधा भरायला लांबी लागेल. करून द्याल का, असं विचारायचं तोंड नाही मला."

सासूबाई काही वेळ आपल्या हातांकडे बघत राहिल्या. मग मुलीला म्हणाल्या, "पिशवीतलं फडकं काढ गं. वरच आहे."

या वेळी त्यांनी मळलं नाही. परात त्याच्यापुढे सरकवली आणि शेजारी बसून राहिल्या. तो मळत होता तोवर "अजून" एवढंच म्हणत होत्या. त्याने अर्धं चिलखत उसवलं, पट्टी बसवली, पहिला थर दिला. तो वाळल्यावर दुसरा. बायको त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. सासूबाईंची पिशवी अर्धी भरलेली, अर्धी रिकामी, दाराआड होती, आणि तिच्याबद्दल विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

प्रयोगाच्या सकाळी त्याने शेवटचा थर गालाला लावून पाहिला. इकडच्या गालाला, तिकडच्या गालाला. कोरडा होता, खोलीइतकाच ऊबदार.

"आई, वाळलंय," तो म्हणाला.

पूर्वी त्या एवढ्यावर मान डोलावून आत गेल्या असत्या. त्या चष्मा सारखा करत उठल्या, गॅलरीत आल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"आणा इकडे," त्या म्हणाल्या. "मी बघते."

त्याने चिलखत उचलून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी खांद्याच्या सांध्याला गाल लावला, डोळे मिटले, आणि तो ते वजन पेलत, खाली मान घालून उभा राहिला.